जळगाव ते ठाणे, जळगाव ते नागपूर: मनाच्या नर्सिंगचा इतिहास

बसमध्ये असाल, हॉस्टेलच्या गच्चीवर असाल किंवा नाईट ड्युटी संपवून घरी निघाला असाल, तर आजचा एपिसोड तुमच्यासाठीच आहे. नर्सिंग करणाऱ्या मुलामुलींनी तर शेवटपर्यंत ऐकाच. नेहमीप्रमाणे हा एपिसोड लिहून इथे टाकलाय, कारण नावं आणि सनावळ्या ऐकताना निसटतात असं तुमच्यापैकी बरेच जण सांगतात.

सुरुवात रेल्वेच्या अंतरापासून करू. मुंबई ते नागपूर हा लोहमार्ग साधारण ८३७ किलोमीटरचा, आणि जळगाव मुंबईपासून ४२० किलोमीटरवर. म्हणजे जवळजवळ बरोबर मध्यावर. आता या मार्गाकडे दुसऱ्या नजरेने बघा. मुंबईच्या बाजूला ठाण्याचं मनोरुग्णालय, १९०१ सालचं. दुसऱ्या टोकाला नागपूरचं, १८६४ सालचं. महाराष्ट्रात सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालयं वर्षानुवर्षं चारच राहिली: नागपूर, रत्नागिरी, ठाणे आणि येरवडा. चारही इंग्रजांच्या काळातली. खानदेशात एकही नाही. घरातल्या माणसाला भरती करायची वेळ आली, की चाळीसगावकडून घाट उतरून ठाणे गाठा, नाहीतर भुसावळ-अकोला करत नागपूर. दोन्हीकडे साधारण चारशे किलोमीटर.

मी या पट्ट्यात मेंटल हेल्थ नर्सिंग शिकवते. आमची मुलं मनोरुग्णालयाचा अनुभव घ्यायला बॅगा भरून परजिल्ह्यात जातात, काही आठवडे राहतात आणि परत येतात. प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी विचारतंच, "मॅडम, आपल्याकडे का नाही?" या प्रश्नाचं उत्तर इतिहासात आहे. म्हणून आजचा विषय: मनाची शुश्रूषा शिकवायची कुणी, केव्हा आणि कशी ठरवली, आणि त्यात आपला खानदेश कुठे बसतो.

राखणदारापासून नर्सपर्यंत

एकोणिसाव्या शतकात या इमारतींना नावच होतं 'लुनॅटिक असायलम'. मराठीत वेड्यांचं इस्पितळ. १८५८ च्या कायद्यांनी ही व्यवस्था बसवली. रस्त्यात भटकणारा किंवा धोकादायक वाटणारा माणूस पोलिसांनी मॅजिस्ट्रेटसमोर न्यायचा आणि मॅजिस्ट्रेटने त्याला आत पाठवायचं. बरीच वर्षं या संस्थांची देखरेख तुरुंग खात्याच्या हाताखाली होती. मग आत काम करणारा माणूस कोण असणार? राखणदार. दार बंद ठेवायचं, कुणी पळणार नाही ते बघायचं, मारामारी झाली तर सोडवायची. नर्स हा शब्द तिथे फारसा नव्हताच.

१९१२ साली 'इंडियन लुनसी ॲक्ट' आला आणि कारभार हळूहळू डॉक्टरांच्या हातात गेला. १९२० नंतर असायलमची 'मेंटल हॉस्पिटल' झाली. पाटी बदलली, पण आतली माणसं एका रात्रीत बदलत नाहीत. त्यांना शिकवावं लागतं.

हे शिकवणं जगात सुरू कुठे झालं? अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या मॅकलिन हॉस्पिटलमध्ये १८८२ साली अशा रुग्णालयातल्या परिचारिकांसाठी शाळा निघाली. ब्रिटनमध्ये १८८५ साली कर्मचाऱ्यांसाठी एक छोटं हँडबुक छापलं गेलं. लाल कव्हरमुळे सगळे त्याला 'रेड हँडबुक' म्हणायला लागले. १८९१ पासून तिकडे या कामाची परीक्षाही सुरू झाली. आपल्याकडे पहिली ठळक नोंद सापडते ती रांचीची. १९२१ च्या सुमारास तिथे चार ते सहा महिन्यांचे छोटे कोर्स घेतले गेले. रांचीचं ते हॉस्पिटल तेव्हा युरोपियन रुग्णांसाठी होतं, हेही लक्षात ठेवा. शिकलेली शुश्रूषा आधी कुणाच्या वाट्याला आली, ते यातून कळतं.

पंचवीस खाटांचा हिशोब

आता १९४६. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर भोर समितीचा अहवाल आला. देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा पहिला मोठा आराखडा म्हणून आपण तो परीक्षेला पाठ करतो. पण त्यातलं मानसिक आरोग्याचं पान फार थोडे जण वाचतात. अख्ख्या देशात १९ मनोरुग्णालयं आणि १०,१८१ खाटा. समितीने तुलनाही दिली: इंग्लंडमध्ये साधारण ३०० माणसांमागे एक खाट, भारतात साधारण ४०,००० माणसांमागे एक.

आपल्या भाषेत सांगते. दहा लाख वस्तीचा जिल्हा धरा. त्याच्या वाट्याला आल्या २५ खाटा. त्याही त्या जिल्ह्यात नाहीत, कुठल्यातरी लांबच्या शहरात. तेव्हाचा खानदेश दोन जिल्ह्यांत विभागलेला होता, पूर्व आणि पश्चिम. १९०६ साली झालेली ही वाटणी. महाराष्ट्र राज्य आल्यावर पूर्व खानदेशचा जळगाव आणि पश्चिम खानदेशचा धुळे जिल्हा झाला, आणि १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. जिल्हे दोनाचे तीन झाले. प्रादेशिक मनोरुग्णालयं होती तेवढीच राहिली.

खाटांचं सोडा, नर्सच कुठे होत्या? भोर समितीच्या वेळी सगळ्या देशात मिळून नर्स होत्या सुमारे ७,०००. त्यातल्या मानसिक आजाराचं शिक्षण घेतलेल्या किती, तर बोटावर मोजण्याइतक्या. पाठ्यपुस्तकांत एक नोंद वाचायला मिळते: १९४८ ते १९५० या काळात भारत सरकारने चार नर्सना या विषयाच्या शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवलं. चार! पस्तीस कोटींच्या देशासाठी. मी वर्गात हा आकडा सांगते तेव्हा मुलं हसतात. मग मी म्हणते, हसू नका, कुणीतरी सुरुवात केली म्हणून तुम्ही आज या वर्गात बसलाय.

भोर समितीच्या शिफारशींचं एक चांगलं फळ म्हणजे बंगलोरची संस्था. १९५४ साली तिथे 'ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थ' सुरू झालं. तिलाच आपण १९७४ पासून निमहान्स म्हणतो. संस्था निघाल्यावर वर्षा-दोन वर्षांतच मानसोपचार परिचर्येचा कोर्स तिथे सुरू झाला. देशभरातल्या नर्स तिथे जाऊन शिकायच्या आणि आपल्या राज्यात येऊन शिकवायच्या.

बोलणं हेच औषध

याच सुमाराला, १९५२ साली, अमेरिकेत हिल्डगार्ड पेपलाऊ या नर्सचं एक पुस्तक आलं. बाईंचं म्हणणं साधं होतं. नर्स आणि रुग्ण यांच्यात जे नातं तयार होतं, तेच उपचाराचं साधन आहे. हे नातं चार टप्प्यांतून जातं: ओळख होते, विश्वास बसतो, रुग्ण त्या नात्याचा उपयोग करून घेतो आणि शेवटी निरोप घेतो. नर्सने हा प्रवास समजून उमजून करायचा.

नर्सिंगच्या मुलांनो, तुम्ही 'प्रोसेस रेकॉर्डिंग' लिहिता ना? रुग्ण काय बोलला, मी काय बोलले, तो बोलताना कसा दिसत होता, मला तेव्हा काय वाटलं. कॉलम आखून, शब्द न् शब्द. रात्री बारापर्यंत जागून ती वही पूर्ण करताना ज्यांना शिव्या घालता, त्यांत पेपलाऊबाईही येतात बरं का.

त्याच दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आणखी एक गोष्ट केली. रुग्णाच्या नातेवाइकांना त्यांनी तंबू टाकून आवारातच राहायला लावलं. घरची माणसं जवळ राहिली, आजार समजून घेऊ लागली आणि रुग्ण लवकर घरी परतू लागले. आपल्याकडे रुग्ण एकटा कधी येतो का? आई येते, भाऊ येतो, शेजारचा नाना येतो. परदेशी पुस्तकात नातेवाईक व्हिजिटिंग अवरला भेटतात. आपल्याकडे ते खाटेखाली चटई टाकून झोपतात. त्यांना टीममध्ये घ्यायचं कसं, हे आपल्या नर्सने आपल्याच देशाकडून शिकायला हवं.

विषय सक्तीचा व्हायला लागलेली वर्षं

१९६५ साली इंडियन नर्सिंग कौन्सिलने बीएस्सी नर्सिंगमध्ये हा विषय सक्तीचा केला. पण आपल्या जिल्ह्या-तालुक्यातली बहुतेक हॉस्पिटलं ज्यांच्या जिवावर चालतात त्या जीएनएम सिस्टर. त्यांच्या अभ्यासक्रमात मानसोपचार परिचर्येला रीतसर जागा मिळायला १९८६ साल उजाडलं. मधली एकवीस वर्षं मोजा. त्या काळात शिकून पुढे पंचवीस-तीस वर्षं नोकरी केलेल्या कितीतरी सिस्टरांनी वॉर्डात एखादा पेशंट आरडाओरडा करायला लागला, की स्वतःच्या माणुसकीवर आणि वॉर्डातल्या मामा-मावशींच्या मदतीवर निभावलं. त्यांना दोष देऊ नका. कुणी शिकवलंच नव्हतं.

कायदाही असाच रेंगाळला. १९१२ चा कायदा जाऊन १९८७ चा आला आणि तो लागू व्हायला १९९३ उजाडलं. ऑगस्ट २००१ मध्ये तमिळनाडूतल्या एरवाडी इथे एका आश्रमाला आग लागली आणि २८ मनोरुग्ण गेले. ते साखळ्यांनी बांधलेले होते, पळताच आलं नाही. त्यानंतर देशाला जरा जाग आली. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं हा त्याने गुन्हा ठरवला. आणि २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा, जो मे २०१८ पासून लागू आहे, त्यात तर स्पष्ट लिहिलंय की मानसिक आजार असलेल्या माणसाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधता येणार नाही. भूल न देता शॉक देता येणार नाही. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला गुन्हेगार न समजता तो तीव्र ताणाखाली होता असं धरून चालायचं. याच कायद्यात 'मेंटल हेल्थ नर्स' या शब्दाची व्याख्या आहे आणि तिच्या नोंदणीची तरतूदही आहे. राखणदारापासून निघालेलं हे काम कायद्याच्या पानावर नाव मिळेपर्यंत दीडशे वर्षं चाललं.

मग खानदेशात काय?

आपल्याकडे आजार आधी 'बाहेरचं' असतो. मग भगत, मग बुलढाण्याकडचा सैलानी बाबांचा दर्गा, मग नातेवाइकांनी सांगितलेला कुणी वैद्य. शेवटी मानसोपचारतज्ज्ञ. मी लोकांना यावरून रागवत नाही. चारशे किलोमीटरवरच्या इमारतीपेक्षा जो जवळ भेटतो, हातावर हात ठेवतो, आपल्या भाषेत बोलतो, त्याच्याकडे माणूस आधी जाणारच. आपण तितकं जवळ कधी गेलो, हा प्रश्न स्वतःला विचारायचा.

आता चित्र थोडं बदललंय. धुळ्याला भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ पासून आहे, जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८ मध्ये आलं. मानसोपचाराची ओपीडी आता एसटीच्या अंतरावर आहे. दोन्ही जिल्ह्यांत नर्सिंग कॉलेजं आहेत. १९९८ साली नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ झालं, त्यामुळे पदवीच्या कागदांसाठीही फार लांब जावं लागत नाही.

पण एक मोठी पोकळी राहिली आहे, आणि माझं आजचं खरं बोलणं त्याबद्दल आहे. ती पोकळी संशोधनाची.

२०१५-१६ साली निमहान्सने राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. एकूण १२ राज्यं निवडली. निष्कर्ष असा, की साधारण दहा प्रौढांतल्या एकाला त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांना उपचार मिळत नव्हते. या १२ राज्यांत मध्य प्रदेश होता, गुजरात होता. महाराष्ट्र नव्हता! शिरपूर, चोपडा, रावेरची हद्द ओलांडली की मध्य प्रदेश, नंदुरबारपलीकडे गुजरात. दोन्ही शेजारी मोजले गेले, मधले आपण राहिलो. कापूस उत्पादकाची झोप का उडाली, केळीच्या बागेवर मजुरीला येणाऱ्या बाईला काय होतंय, हे त्या सर्वेक्षणात आलेलंच नाही.

मोजून काय होतं, असं कुणी म्हणेल. आपल्या शेजारच्या विदर्भाचं उदाहरण घ्या. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच माणसांना शिकवलं, समुपदेशन गावात नेलं. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी जेमतेम ४ टक्के लोक उपचारापर्यंत पोचत होते. दीड वर्षाने हे प्रमाण २७ टक्क्यांवर गेलं. २०१७ साली हा अभ्यास जगातल्या नावाजलेल्या मानसोपचार नियतकालिकात छापून आला. आधी मोजलं होतं, म्हणून फरक पडला हे दाखवता आलं.

एक वाक्य आणि नऊ प्रश्न

माझ्या वर्गातलं उदाहरण देते. एक विद्यार्थिनी ओपीडीतली प्रोसेस रेकॉर्डिंग घेऊन आली. रुग्ण पन्नाशीचे शेतकरी, पोटात जळजळ होते म्हणून आलेले. तिने इंग्रजीत लिहिलं होतं, 'पेशंट इज नॉट फीलिंग वेल.' मी विचारलं, "बाबा नेमकं काय बोलले? त्यांच्या शब्दांत सांग." ती म्हणाली, "मॅडम, ते म्हणे, वावरमा जावाले मन व्हत नही."

थांबा जरा इथे. नैराश्य तपासायला जगभर पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली वापरतात. नऊ प्रश्न, ० ते २७ गुण. त्यातला पहिलाच प्रश्न, रोजच्या गोष्टींतला रस गेलाय का, हा आहे. ज्या माणसाने आयुष्यभर पहाट झाली की वावर गाठलं, तो म्हणतो वावरात जायला मन होत नाही, तेव्हा त्याने त्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर न विचारता दिलेलं असतं. इंग्रजी वाक्यात ते लक्षण हरवलं होतं. अहिराणीत ते स्पष्ट होतं. आणि ती मुलगी स्वतः अहिराणी घरातली! आम्ही ते वाक्य तसंच वहीत लिहिलं, डॉक्टरांना वाचून दाखवलं, आणि त्यांनी बाबांना पुन्हा निवांत बसवून विचारपूस केली.

संशोधन म्हणजे हेच, फक्त शिस्तीने. मराठी प्रश्नावली घ्या, अहिराणीत आणा, तावडीत आणा, सातपुड्यातल्या पावरीत आणा. एकाने भाषांतर करायचं, दुसऱ्याने ते न बघता उलट भाषांतर करायचं, दोन्ही ताडून बघायचं. मग गावात थोड्या लोकांना विचारून कुठला शब्द अडतो ते टिपायचं. मग तीच माणसं तज्ज्ञाकडून तपासून, किती गुणांपुढे खरंच आजार निघतो, ते ठरवायचं. याला करोडोंची मशीन लागत नाहीत. वेळ लागतो, आणि भाषा येणारी नर्स लागते.

त्याऐवजी आपल्याकडच्या एमएस्सीच्या प्रबंधांचा ठरलेला साचा बघा. पूर्वचाचणी, एक व्याख्यान, उत्तरचाचणी, चाळीस-साठ जणांचा नमुना आणि निष्कर्ष: ज्ञान वाढलं. अहो, व्याख्यानानंतर आठ दिवसांनी ज्ञान वाढणारच! तीन महिन्यांनी गोळ्या चालू आहेत का, सून परत नांदायला आली का, माणूस वावरात जायला लागला का, हे विचारा. माझ्या विद्यार्थ्यांशी मी यावर भांडते, आणि आता ते माझ्याशी भांडून चांगले विषय आणायला लागलेत.

करिअर म्हणून

शेवटी तुमच्या मनातला प्रश्न. यात भविष्य आहे का? मी एमएस्सीला हा विषय निवडला तेव्हा नात्यातल्या एका काकूंनी आईला विचारलं होतं, "वेड्यांची नर्स म्हटल्यावर पोरीचं जमायचं कसं?" हा प्रश्न आजही घराघरांत विचारला जातो. मुलगी हुशार असते, विषय आवडलेला असतो आणि फॉर्मवर ऐनवेळी दुसरीच शाखा लिहिली जाते. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याची. मनोरुग्णाला चिकटलेला कलंक त्याची सेवा करणाऱ्यालाही चिकटतो, आणि मग सेवा करणारंच कुणी उरत नाही.

वाट सांगते. जीएनएम किंवा चार वर्षांची बीएस्सी. जीएनएमवाल्यांना पुढे पोस्ट बेसिक बीएस्सी. मानसोपचार परिचर्येचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमाही आहे. मग दोन वर्षांची एमएस्सी, आणि पुढे पीएचडी. कामं वॉर्डात आहेत, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात आहेत, व्यसनमुक्तीत आहेत, शिकवण्यात आहेत. देशात एक लाख लोकांमागे मानसोपचारतज्ज्ञ एकसुद्धा पूर्ण नाही, पाऊणच्या आसपास आहे. हे अंतर डॉक्टर एकटे भरून काढू शकत नाहीत. ते काम नर्सच्या हातात येणार आहे, तयारी असो वा नसो. तयारी असलेली बरी.

तर या आठवड्याचं काम. घरी आजी-आजोबांना, आत्याला, मावशीला विचारा: मन लागत नाही, जीव घाबरा होतो, झोप येत नाही, हे तुमच्या बोलीत कसं म्हणतात? व्हॉइस नोट करून आम्हाला पाठवा, गावाचं नाव सांगा, माणसाचं नाव नको. यादी जमली की ती पुढच्या एका भागात ऐकवीन.

आणि ऐकताना स्वतःबद्दल किंवा जवळच्या कुणाबद्दल काही जाणवलं असेल, तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर आत्ताच फोनमध्ये सेव्ह करा. आपल्याला नाही लागला, तर शेजाऱ्याला लागेल.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.